उंदीर कितीदा पडला

दि. ६ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे आणि तेही कामापुरतं, तेव्हा आधीच कान पकडते. मामींचा गुडघा कसा आहे? तुम्ही अजून पहाटे उठून भट्टीपाशी जाता असं कळलं. बेकरी मुलाच्या हाती दिलीत ना, मग जरा लोळा की!

आमच्या भिंगरीची काळजी वाटते. पोरगी तिसरीत आहे, तोंडाचा पट्टा दिवसभर सुरू, पण पुस्तक समोर आलं की दातखीळ बसते. जोडाक्षरापाशी अडते, आणि अडली की पुस्तक मिटते. आपल्याला येतच नाही, असं सांगून मोकळी होते. तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. सत्र संपायच्या आत तिनं वर्गापुढे एक पान तरी मोठ्यानं वाचलं नाही, तर पुन्हा तिसरीतच बसवावं लागेल म्हणाल्या. बाई प्रेमळ आहेत हो, पण घरी आले ती थेट तुम्हाला पत्र लिहायलाच बसले.

मी सायकलला घाबरायचे, तेव्हा तुम्ही मला पिठाच्या पोत्यावर बसवून गोष्ट सांगायचात. तशी एखादी तिच्यासाठी लिहून पाठवाल का? मी वाचून दाखवीन.

तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणायचात)
भाची

दि. १५ जुलै

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

लोळायचा सल्ला वाचून तुझ्या मामींनी टाळ्या वाजवल्या. मी काही ऐकणार नाही.

सोबत गोष्ट आहे. बेकरीतला एक कानतुटका उंदीर, त्याला सगळ्यात वरच्या फळीवरचा पाव हवाय. पहिल्यांदा चढतो तो थेट पिठाच्या पिंपात पडतो. असा पांढराफटक होतो की सख्खी आईही त्याला ओळखत नाही. मग तेलाच्या डब्यात बुचकळतो आणि दुकानभर घसरत फिरतो. पुढच्या खेपेला फळीच्या टोकाशी पोचतो, तर नेमकी शिंक येते! ही पडण्याची पानं लिहिताना मी एकटाच खो खो हसत होतो. मामींना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

भिंगरीला गोड पापा.

तुझा मामा

दि. २ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गोष्ट तिला फार आवडली, रोज ऐकते. पण गुण येईना, उलट बिघडलंच. काल उशीत तोंड खुपसून म्हणाली की उंदरालासुद्धा पहिल्या झटक्यात जमतं, तिलाच तेवढं काही जमत नाही. मलाही रडू आवरेना.

पहिल्या झटक्यात कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. ती आधीच खचलेली, तिला आणखी अपयश कशाला ऐकवायचं म्हणून मी पडण्याची पानं गाळून वाचते. उंदीर चढतो आणि पाव खातो, एवढंच. याहून सोपी गोष्ट असेल तर पाठवा ना.

तुमची
भाची

दि. ९ ऑगस्ट

चि. भाचीस,
आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. अगं शहाणे, गोष्टीतली गोष्टच काढून ठेवलीस की! पीठ फुगू न देता भट्टीत घातलं तर पावाचा दगड होतो, एवढं तरी तू पोत्यावर बसून पाहिलं होतंस.

सायकलची गोष्ट आठव. त्यातलं अस्वल रोज पडायचं, आणि शाळेतून आल्या आल्या तू विचारायचीस, आज कुठे पडलं म्हणून. ते एकदाही पडलं नसतं, तर तू सायकलला हात लावला असतास का?

सोपी गोष्ट माझ्याकडे नाही. सगळी पानं तिच्या हातात दे, कुठली गाळलीस ते सांग आणि स्वयंपाकघरात निघून जा. रागावलोय खरा, पण हक्कानं.

मामा

दि. ३० ऑगस्ट

ती. मामांस,
शि. सा. न.

सांगितलंत तसं केलं. आधी ती माझ्यावरच चिडली. मी तिला फसवलं म्हणाली, आणि पानं घेऊन जेवायच्या टेबलाखाली जाऊन बसली. मी स्वयंपाकघरात. टेबलाखालून पुटपुट ऐकू यायची, थांबायची, मग पहिल्यापासून सुरू व्हायची. जाऊन शब्द सांगावा म्हणून पाय शिवशिवत होते, पण मन आवरून उभी राहिले. चहा गार झाला. बऱ्याच वेळानं टेबलाखालून ती खुदकन हसली. मामा, ती पिठाच्या पिंपापर्यंत पोचली होती!

तेव्हापासून रोज टेबलाखाली मुक्काम असतो. परवा वर्गात काय झालं ते मला लिहू देत नाही. तिचं पत्र सोबत आहे, मी त्याला हात लावलेला नाही. सायकल शिकले तेव्हा तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, ते आज सांगते. तुम्ही आहात म्हणून फार बरं आहे हो मामा.

तुमची
भाची

प्रिय मामाआजोबा,
नमस्कार.

मी वर्गात उंदराचं पान वाचलं. सगळ्यांसमोर. आधी नीट जमलं. मग ‘सख्खी’पाशी अडले. मागची मुलं हसली. बाई सांगणार होत्या, पण मी हातानं थांबवलं. उंदीर पिंपातून एकटाच बाहेर आला होता ना. मग मलाही तो शब्द आला. पान संपल्यावर सगळे पुन्हा हसले, पण उंदराला. बाई म्हणाल्या, मी चौथीत जाणार.

गोष्ट पाठवलीत म्हणून थँक्यू. पुढच्या गोष्टीत उंदराला आणखी पाडा. जोडाक्षरंपण घाला, अवघडच घाला. आणि पाकिटावर माझं नाव लिहा, आईचं नको. ती पडण्याची पानं गाळते.

माझ्यावर आहे तेवढा लोभ आईवरपण ठेवा.

तुमची
भिंगरी