नळी की गोळी

४ मार्च, सोमवार

शी! पुन्हा उशीवर रक्त. हिरड्यांतून. दात घासले की थुंकी लाल, दाराला दंड नुसता टेकला की जांभळा डाग. माझ्याच अंगाची मला शिसारी येते. पक्षाघाताचा झटका येऊन तीन महिने झाले. चालतो, बोलतो. तोंड किंचित वाकडं, डावा हात जरा जड. तो कामाला लागला की सुटेल. तरी बायको जेवताना हनुवटी पुसते — माझी!

सगळं या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं. रोज दोन, जन्मभर. आणि खुर्च्या बनवणाऱ्या माणसाला सांगतात, धारेच्या हत्याराला हात लावू नका. एकतीस वर्षं मी दुसरं केलंय काय?

७ मार्च, गुरुवार

दवाखाना. अडीच तास बाकड्यावर. बाकडंही डुगडुगणारं.

हृदयाचे डॉक्टर, म्हणजे आमचे छातीवाले, म्हणाले, "ठोके वेडेवाकडे पडतात तुमचे. हृदयाला एक छोटा खिसा असतो, त्यात रक्त साकळतं. तिथलीच गुठळी डोक्यात गेली. मांडीतून नळी घालून खिशाचं तोंड बंद करू. मग काही महिन्यांनी गोळ्या कदाचित थांबवता येतील."

वरच्या मजल्यावर मेंदूचे डॉक्टर. डोकेवाले. "गोळ्या लागू पडल्यात ना? मग कशाला त्या भानगडीत पडता? नळी घालतानाच कदाचित दुसरा झटका आला तर?"

एकाच इमारतीतले दोन शहाणे. जिन्यात तरी एकमेकांशी बोला! आणि बोलतात ते बायकोकडे बघून. "बाबांना झोप लागते का?" अरे, बाबा इथेच बसलाय. बहिरा नाही झालेला!

८ मार्च, शुक्रवार

बायको म्हणते गोळ्या. लेक म्हणते गोळ्या. शेजारीणसुद्धा म्हणते गोळ्या. हृदय माझं आणि उमाळा हिला!

११ मार्च, सोमवार

धाकटा भाऊ आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात घेऊन गेला. "दादा, तू नुसता बस आणि सांग. हात लावायचा नाही."

बसलो. बघवेना! सांधे कापलेलेच नाहीत, सरळ खिळे ठोकलेत. फटींत भुसा आणि डिंक, वर चकाचक पॉलिश. मी म्हटलं, वर्षभरात पाय खिळखिळे होतील. तर म्हणतो, "गिऱ्हाइकाला काय कळतंय, दादा." थुंकावंसं वाटलं. आमच्या नावाची खुर्ची ही!

पटाशी मागितली. एक सांधा कापून दाखवतो म्हटलं. दिली नाही. "वहिनीने तंबी दिलीय. चीर पडली तर रक्त थांबायचं नाही." मीही फार ताणलं नाही. गोळ्या चालू आहेत, काय करणार!

१४ मार्च, गुरुवार

ठरलं. नळी.

घरात नुसता कल्लोळ. लेक फोनवर रडली. "बाबा, खुर्च्यांसाठी जीव धोक्यात घालताय?" खुर्च्यांसाठी नाही, म्हटलं. "मग कशासाठी?" चिडून फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं. पण केला नाही परत.

बायको रडली नाही, भांडली नाही. भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "अहो, करा तुम्हाला हवं ते. पण गोळ्या थांबल्या की पुढे काय, तेही ठरवून ठेवा."

हा काय प्रश्न झाला? कामाला जाणार!

१६ मार्च, शनिवार

छातीवाल्यांनी शुक्रवार दिला. कागदावर सही केली. धोके एवढे लिहिलेत की वाचूनच झटका यावा. ते "गुड, गुड" म्हणत दोनदा घड्याळ बघून घेत होते. किळस आली त्या हसण्याची. पण तारीख मिळाली.

२० मार्च, बुधवार

काल भाऊ माल पोचवायला गेला तेव्हा कारखान्यात एकटाच होतो. पटाशी घेतली. डाव्या हातात धरायची, उजव्याने ठोकायचं. डाव्यात ती राहीना. खुणेवर टेकवली की घसरायची. चार वेळा पडली. पाचव्यांदा उचलून जागेवर ठेवली. कुठे कापलं नाही. रक्ताचा थेंब नाही.

आज छातीवाल्यांना फोन करून नळी नको म्हणून कळवलं. घरी सांगितलं, भीती वाटते. लेकीला हायसं वाटलं. भावाला तर फारच. बायकोने तेवढं कारण विचारलं नाही. पाण्याचा पेला पुढे केला. दोन्ही गोळ्या तिच्यासमोर घेतल्या.

आता कुणी विचारलं, कामाला कधी येताय, तर सांगायला गोळ्या आहेत.