खालचा डावा कोपरा

सांगली,
१७ सप्टेंबर २०२४

चि. मृण्मयीस, उल्काआत्याचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला, दगडावर आपटला तरी फुटणार नाही असा फोन परवा फुटला. दगडही लागला नाही त्याला. आपल्या दाराच्या पायरीवर पडला आणि काचेवर कोळ्याचं जाळं विणलं गेलं. दीड वर्षातला हा चौथा. तू तिकडे फोन पाडायचा पगार घेतेस, मी इथे तेच काम फुकट करते.

फोन नाही म्हणून पत्र. तू होस्टेलवर असताना लिहायचो तसं. तुझा तो मित्र सिद्धार्थ गणपतीला घरी आला होता, तो उद्या निघतो. त्याच्याबरोबर चारही मयत फोन पाठवते आहे. दुकानदाराकडून बॅटऱ्या काढून घेतल्या आहेत, विमानात चालत नाहीत म्हणे. तुझ्या लॅबमधल्या साहेबांना दाखव आणि विचार की असले फोन बनवतात तरी कशाला.

बाकी ठीक. ड्रायव्हिंग स्कूलला एकोणतीस वर्षं झाली. या बॅचला मंजूषा म्हणून एक आहे, त्रेचाळीस वर्षांची, खानावळ चालवते. स्वतःच्या टेम्पोतून डबे पोचवायचे आहेत तिला. आरटीओत दोनदा नापास झाली. क्लच सोडताना श्वास मात्र सोडत नाही. पण तिसऱ्यांदा तिला पास करूनच दाखवीन.

सायकल जपून चालव. लोभ आहे तो तसाच राहू दे. नवा फोन मात्र पाठवू नकोस.

तुझी,
उल्काआत्या

---

हार्लेम,
२९ सप्टेंबर २०२४

ती. उल्काआत्यास, मृण्मयीचा शि. सा. नमस्कार.

सिद्धार्थने पिशवी आणून दिली. फोन तू हळदीकुंकवाच्या वाणासारखे वर्तमानपत्रात गुंडाळले होतेस. मी हसत हसतच ते नीउ-व्हेनेपला लॅबमध्ये नेले. आता हसू येत नाही, आणि का ते तुला नीट सांगायचं आहे. म्हणून शेवटपर्यंत वाच.

आमच्याकडे एक उंच मशीन आहे. त्याच्या चिमट्यात फोन धरायचा, कोन ठरवायचा आणि सोडायचा. कधी काँक्रीटवर, कधी इथल्या रस्त्यांच्या विटांवर. दिवसाला शंभरेक फोन मी असे पाडते. पण लोकांच्या हातून पडलेले फोन दुरुस्तीला येतात तेही आम्ही तपासतो. माणसाच्या हातून पडलेला फोन ओळखू येतो, कारण माणूस त्याला पडू देत नाही. हात मारतो, गुडघा पुढे करतो, कधी पायावर झेलतो. त्यामुळे फोन हवेत गिरक्या घेतो आणि कुठल्याही बाजूवर आपटतो. चार वेळा पडला तर चार जागी लागतो.

तुझ्या चारही फोनना एकाच जागी लागलंय. खालचा डावा कोपरा. चार वेगळ्या कंपन्या, चार वेगळ्या जमिनी. एक तू सांगितलेल्या पायरीवर, एकाच्या कडेत अजून डांबराचे कण आहेत. तरी कोपरा तोच आणि पोचाही जवळजवळ तितकाच खोल. मी तसलाच एक जुना फोन मशीनमध्ये उजव्या हाताच्या पकडीसारखा धरला आणि फक्त खालचा, करंगळीचा आधार काढून घेतला. तो सरकत सरळ खाली गेला आणि त्याच कोपऱ्यावर पडला.

माझ्या शेजारी मारायके बसते. पंचवीस वर्षं या कामात आहे. डच माणसं आडवळणाने बोलत नाहीत. तिने चारही फोन एका रांगेत ठेवले आणि मला विचारलं की तुझ्या आत्याच्या हाताला काय झालंय.

आत्या, तू एकदाही फोन झेलायला हात पुढे केला नाहीस. तो सुटतोय हे तुला कळलंच नव्हतं. दोष फोनचा नाही. डॉक्टरांना दाखव.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
मृण्मयी

---

सांगली,
१३ ऑक्टोबर २०२४

चि. मृण्मयीस, अनेक आशीर्वाद.

शिकून सवरून मुलगी परदेशी गेली आणि मेलेल्या फोनची कुंडली मांडायला लागली. तुझ्या त्या मारायकेबाईंना सांग, सांगलीत लोकांना कामं असतात. एका हाताने दार उघडायचं, खांद्याला पिशवी, वर फोन. पडणारच. तेलाचा हात असतो. एकसष्ट वय आहे माझं, सोळा नाही.

काल दसरा झाला. गाडीची पूजा केली. हार बांधताना दोऱ्याची गाठ बसेना, ती मंजूषाने मारली. दोरे हल्ली फार निसरडे येतात. बटणांचे कुर्ते मी सोडून दिले आहेत, वरून घालायचे घेतले, वेळ वाचतो. उजव्या पायातली चप्पल चालताना निघून जाते म्हणून पट्ट्याच्या घेतल्या. असं सगळं मी माझं बघते आहे.

हात माझा आहे आणि तो मला ठाऊक आहे. याच हाताने हजारावर बायकांना स्टिअरिंग धरायला शिकवलंय, तुलाही. विश्वासदादाला यातलं काही कळवायचं नाही. तुझा बाप पुण्याहून गाडी काढून येईल आणि मला खुर्चीत बसवून ठेवील.

तुझ्यावर लोभ आहे, रागही आहे. आज राग पुढे उभा आहे.

उल्काआत्या

---

हार्लेम,
२५ ऑक्टोबर २०२४

ती. उल्काआत्यास, शि. सा. नमस्कार.

तुझ्या शेजारच्या जयंतीकाकूंच्या फोनवर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू मी बरी आहे म्हणून ठेवून दिलास. पत्र मध्येच ठेवता येत नाही, म्हणून पुन्हा पत्र.

दोरा, बटणं, चप्पल. हे सगळं तूच लिहिलंयस. मी ते पत्र ऋताला वाचून दाखवलं. ती मज्जातंतूंची डॉक्टर आहे, इथे विद्यापीठात संशोधन करते. तिने तपासल्याशिवाय काही सांगणार नाही म्हटलं, पण मानेचा एमआरआय लगेच करून घ्यायला सांगितलं. मानेच्या मणक्यात नस दबत असेल तर हाताला आणि पायाला असंच होतं. जितका उशीर, तितकं परत मिळणं कठीण. इथले हाउसआर्ट्स, म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर, तुटका पाय घेऊन गेलं तरी आधी पॅरासिटामॉल देतात. तुला मात्र मिरजेत अर्ध्या तासावर मोठमोठी हॉस्पिटलं आहेत आणि तू जात नाहीस.

एक कर. घड्याळ समोर ठेव आणि दहा सेकंदांत उजवी मूठ किती वेळा पूर्ण उघडते आणि मिटते ते मोज. ऋता म्हणते, वीसच्या आसपास व्हायला हवी.

तू डावीकडच्या सीटवर बसतेस. शिकणारी चुकली तर तुझा हात स्टिअरिंगवर आणि तुझा पाय तुझ्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर जाईल या भरवशावर ती बाई गाडी चालवते. शंका आली की आधी गाडी थांबवायची, हे तूच मला शिकवलंस. आता शंका आली आहे.

पंधरा नोव्हेंबरपर्यंत तू गेली नाहीस तर मी बाबांना सांगणार. तुझ्या मागून नाही, तुला सांगून. हवं तर आयुष्यभर बोलू नकोस.

या वेळी लोभाची विनंती करत नाही, हक्काने मागते.

मृण्मयी

---

सांगली,
१२ नोव्हेंबर २०२४

चि. मृण्मयीस, अनेक आशीर्वाद.

परवा जयंतीच्या फोनवरून ऑपरेशन ठरल्याचं तुला सांगितलं, बाकीचं सांगितलं नाही. जयंती शेजारी उभी होती आणि ते सगळ्यांना ऐकवण्यासारखं नव्हतं.

तुझं पत्र सहा तारखेला आलं. रात्रीचं जेवण झाल्यावर मूठ मोजली. अकरा. म्हटलं थंडी पडली आहे. गरम पाण्यात हात धरून पुन्हा मोजली. पुन्हा अकरा. पत्र कपाटात टाकलं आणि सकाळी मंजूषाला घेऊन गाडीवर गेले. हे मी कबूल करते, कारण मला त्याची लाज वाटते.

विश्रामबागच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून न बघता आडवे आले. मी उजवा हात स्टिअरिंगवर टाकला. हात पोचला गं, पण बोटं मिटली नाहीत. कापडाच्या बोळ्यासारखी नुसती वर पडून राहिली. पाय ब्रेकवर मारला तो पायाखालच्या मॅटवर पडला. गाडी मंजूषाने थांबवली. जिला मी क्लचवरून रोज ओरडते, तिने. गृहस्थ आपल्याच नादात निघून गेले, त्यांना काही कळलंही नाही.

मंजूषाने हँडब्रेक ओढला. मग तिने हळूच विचारलं की बाई, तुमचा पाय कुठे होता.

गाडी तिथेच कडेला लावायला लावली. चालत घरी आले आणि दारावर पाटी लावली की पुढील सूचनेपर्यंत क्लास बंद. ज्यांचं शिकणं अर्धवट राहिलं त्यांना दुसऱ्या स्कूलमध्ये मी स्वतः सोडून आले. त्या मास्तरांना मंजूषाबद्दल वेगळं बजावलं, की हिला ओरडायचं नाही, हिला फक्त वेळ द्यायचा.

मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. मानेत दोन ठिकाणी नस चेपली आहे. ऑपरेशनने आहे ते तिथे थांबेल, गेलेलं किती येईल ते सांगता येत नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. दीड वर्ष आधी आला असतात तर, असं म्हणता म्हणता ते थांबले. मी त्यांना वाक्य पुरं करायला लावलं. ऐकायचं ते पूर्ण ऐकावं.

विश्वासदादाला मीच कळवलं. रडला, मग ओरडला, मग पैसे पाठवू का म्हणाला. सत्तावीस तारीख फोनवर सांगितलीच आहे. तू सव्वीसला ये. मी घाबरलेली नाही असं लिहिणार होते, पण तू या पत्राचाही कुठला तरी कोपरा शोधून काढशील. घाबरले आहे. तरी जाणार आहे.

काळजी वाटली तर वाटू दे, लोभ तिच्यात कालवून पाठव.

तुझी,
उल्काआत्या

---

सांगली,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मृण्मयीस, अनेक आशीर्वाद.

मानेचा पट्टा परवा निघाला. पाय चांगला सुधारला आहे, जिना कठडा न धरता चढते. डाव्या हातातही थोडं आलं होतं, तो जवळजवळ पूर्वीसारखा. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र आता येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी आरटीओत गेले आणि शिकवण्याचं माझं लायसन्स स्वतःच्या हाताने परत केलं. तिथल्या क्लार्कने विचारलं की बाई, मुदत अजून आहे, घाई काय. मी म्हटलं, मुदत कागदाची आहे.

स्कूल बंद करणार नाही. डावीकडच्या सीटवर बसायला एक शिक्षिका नेमते आहे. मी खोलीत बसून नियम, खुणा आणि इंजिन शिकवणार. भीती घालवण्याचं काम तर मी तोंडानेच करत होते.

आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट. डॉक्टरांनी ऑपरेशन ऐन वेळी दोन दिवस अलीकडे घेतलं आणि तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलीस. दादाला पुण्याहून यायला दुपार झाली. मी मिरजेला कशी गेले हे तू विचारलंस तेव्हा गाडीने, एवढंच सांगितलं होतं.

मंजूषाला आदल्याच आठवड्यात लायसन्स मिळालं होतं, तिसऱ्या खेपेला. पहाटे ती डबे दुसरीवर सोपवून दारात उभी राहिली आणि म्हणाली की रिक्षा नाही, मी नेणार. स्कूलचीच गाडी. मी सवयीने डावीकडे बसले. माझ्या पायांपुढे माझा ब्रेक, माझा क्लच. तिने आरसा नीट केला, पट्टा लावला आणि गाडी सुरू न करता थांबून राहिली. मला कळलं, ती माझे पाय बघत होती. ते पेडलवर होते. तिला तेवढा धीर लागत होता आणि माझ्यापाशी तो आता खोटा होता.

मी चपलांचे पट्टे सोडले. पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तिने श्वास सोडला, अगदी मला ऐकू येईल असा, आणि पहिला गिअर टाकला. मिरजेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, मृण्मयी. बोलण्यासारखं काही तिने होऊच दिलं नाही.

इकडचा लोभ कमी झालेला नाही, तिकडचाही होऊ देऊ नकोस.

तुझी,
उल्काआत्या