बाबांच्या कुत्र्याचं दान

लिव्हियू,

हे पत्र पाठवणार नाही, म्हणून खरं तेवढंच लिहिते.

बाबांच्या चाळिसाव्या दिवशी तू त्यांचा कोट, बूट आणि त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याची, ग्रीवेईची दोरी थडग्यावरून तुदोसियाकाकूच्या हातात दिलीस, पेटत्या मेणबत्तीसकट. मेलेल्याच्या नावानं दिलेलं त्याला परलोकात पोचतं, म्हणून आपल्याकडे ते कुणी नाकारत नाही, हे तुला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तू इटलीत, तुरिनला परतलास.

काकूनं थंडीत त्याला हाकललं. मला तो बसथांब्यामागे सापडला, अंगभर खरूज, एक डोळा पांढरा. घरी आणला, तर काकू दारात हजर.

"अगं इलिंका, दिलेलं दान परत घेतेस? बापाला तिकडे कुत्र्याविना ठेवणार?"

"तुम्ही हाकलल्यापासून तिकडेही तो रस्त्यावरच असेल, काकू."

काकू म्हणाली, "मग दुसऱ्या कुणाला रीतसर दे. मेणबत्ती विसरू नकोस."

माझ्या भाड्याच्या खोलीत कुत्रं चालत नाही. चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा आंगेल तयार झाला. "दात नाहीत त्याला? मलाही नाहीत. दोघं मक्याची पेज खाऊ."

काल त्याच्या अंगणात मेणबत्ती लावून मी दोरी पुढे केली.

"कुणाच्या नावानं?"

बाबांच्या नावानं एकदा देऊन झालं होतं. "भावाच्या," मी म्हणाले.

आंगेलनं टोपी काढली. "देव त्याला क्षमा करो. आजारी होता का?"

"नाही. तुरिनला गेला."

त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली. तू मेलास हा त्याचा गैरसमज दूर करायला हवा होता, हे मला तिथेच कळत होतं. मी दोरी त्याच्या हातात सोडली.

इलिंका