ओळंबा कुणी नेला

३ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक. बांधकाम जोरात आहे. बाबा अजून रोज येतात आणि सावलीत बसून माझ्या चुका काढतात.

आता मुद्द्याचं. ज्या ओळंब्यावर बाबांनी जन्मभर भिंती सरळ उभ्या केल्या, तो तू गेल्यापासून खिळ्यावर नाही. निघताना तू घाईघाईने फडक्यात काहीतरी गुंडाळलंस असं तुझी वहिनी म्हणते. मी तिच्यावरच डाफरलो. पण काल पेपरात तुझ्या हातानं केलेल्या पुस्तकाचा फोटो आला, त्यात ओळंबा लोंबतोय. बाबांना विचारलं, तर असेल कुठेतरी म्हणाले. तुला पाठीशी घालताहेत, नेहमीसारखे. मुकाट्यानं परत पाठव.

लोभ आहे, तो टिकेल असं वाग.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

फडक्यात बाबांचा फाटका सदरा होता, त्यांनीच दिलेला. तो भिजवून, कुटून मी कागद केला. पुस्तकाची पानं हातभर उंच, अरुंद, एकाच दोरीत ओवलेली. त्या दोरीच्या टोकाचा ओळंबा त्याच कागदाच्या लगद्याचा आहे. फुंकरीनं हलतो, तो काय भिंत तपासणार? पुढच्या वेळी माझी पिशवी वहिनीलाच भरायला सांग.

आता माझा संशय ऐक. तिकडे असताना मी बाबांना नमुन्याचं एक पान दाखवलं होतं, आपल्या घराचं चित्र असलेलं. ते उलटं धरूनच त्यांनी छान आहे म्हटलं. तेव्हा मला ती थट्टा वाटली. त्यांना एकटं गाठून विचार.

राग आहे, माया त्याहून जास्त आहे.

तुझी बारकी

१४ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

बाबांनी आधी उडवून लावलं. मग सांगितलं, की ओळंबा त्यांनीच वाळूत पुरला. कित्येक महिने त्यांना दोरीच दिसत नव्हती. मी भिंत तपासायला सांगायचो आणि ते अंदाजानं ठीक म्हणायचे. ओळंबाच नसला तर हे टळेल, असं त्यांना वाटलं. तुझ्यावर आळ आला तरी गप्प बसले, कारण खरं कळलं तर मी त्यांना घरी बसवीन ही धास्ती.

त्यांनी ठीक म्हटलेली एक भिंत मी काल पाडली. ते शेजारी बसून नुसते ऐकत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे माझ्याबरोबर यायला तयार नाहीत. बारकी आली तरच जाईन म्हणतात. तेव्हा ये. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

दादा