रनाळ्याची भाकरी

नंदुरबार, १९५८. संक्रांतीनंतरचा मंगळवार.

आज रनाळ्यात बायकांच्या हक्कांवर तासभर बोलले. समोर सगळे पुरुषच. गावातल्या बायका घरात का बसल्या, म्हणून मंचावरूनच चिडले.

मग आमच्या तिथल्या कार्यकर्त्याकडे जेवायला गेले, तर परसात दहा-बारा बायका आम्हा सभेवाल्यांसाठीच भाकरी थापत होत्या. त्याची बायको म्हणाली, “ताई, भाषन चांगलं व्हयनं म्हने. आम्हले चुल्हापुढून उठताच उनं नही.”

चिडल्याची लाज वाटली. तिथेच बसून त्यांच्याशी बोलायला हवं होतं. पुढे म्हसावदची सभा होती, जीप खोळंबली होती, ही सगळी कारणं. खरं म्हणजे भूक लागली होती आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी गरम होती. त्यांच्याशी बोलले ते एवढंच: “अजून एक वाढा.”