रुपेरी बाजू वर

मी, गुरुमूर्ति विष्णुवर्धन राव, वय चौपन्न, राहणार कुंभकोणम्, धंदा दुसऱ्यांची थट्टा छापणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करतो. पत्नी विशालाक्षी पलीकडच्या खोलीत आहे. तिला दडपण म्हणू नये, असे तिचेच सांगणे आहे. आम्हांस मूल नाही.

१. राहते घर, बँकेतील शिल्लक आणि पितळी कॉफी-फिल्टर विशालाक्षीला.

२. पापनाशम् रस्त्यावरचे मिरचीचे दीड एकर, मोटर, ठिबकच्या नळ्या व खताच्या टाकीसह, माझा चुलतभाऊ नरसिंह याची मुलगी जननी हिला. त्या टाकीत मी एकदा दाणेदार डीएपी खत कालवून ओतले. ड्रिपर बंद पडले, रोपे सुकली, आणि मी पावसावर खोचक लेख लिहिला. जननीने नळ्यांची टोके उघडून पांढरा गाळ काढला व पोत्यावरची ‘ठिबकसाठी नाही’ ही सूचना मला मोठ्याने वाचून दाखवली. आधी वाचून मग पोते फोडणारी आमच्या घराण्यात ती पहिलीच.

३. सहा वर्षांपूर्वी तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी समाजाच्या त्रैमासिकात मी लिहिले की, रोपांभोवती माती झाकायचा मल्चिंगचा प्लॅस्टिक कागद काळी बाजू वर करून अंथरावा. तापून मिरची जास्त तिखट होते. मला तो विनोद वाटला. आमच्यात मराठी बोलतात सगळे, पण छापील मराठी म्हणजे पोथी, नाहीतर लग्नपत्रिका. नरसिंहाने लेखही पोथीसारखा बोट ठेवून वाचला आणि चित्रै महिन्याच्या, म्हणजे भर एप्रिलच्या, उन्हात एकरभर काळी बाजू वर अंथरली. चार दिवसांत रोपांचे बुंधे भाजले.

तो दारात येऊन एवढेच म्हणाला, "अण्णा, तुम्ही लिहिलांत, मी केलों."

माफी मागायची ती वेळ होती. मी त्याला विनोद समजावून सांगितला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. गोविंदपुरम्‌ला भजनात मी डावीकडे बसलो की तो उजवीकडे.

नरसिंहा, चूक माझी. रुपेरी बाजू वर, काळी खाली.

४. मल्चिंगला भोके पाडायचा लोखंडी पाईप मेहुणा साईराम यास. तो तीन वर्षे त्याच्याकडेच आहे, त्यामुळे पोचवण्याचा त्रास नाही.

५. वकील म्हणतात, साक्षीदार कोणीही चालेल. मला नरसिंहच हवा. निरोप धाडला आहे. तो आला नाही, तर हा कागद सहीविना राहील आणि तेच त्याचे उत्तर समजेन.

६. (नंतर जोडलेले.) नरसिंह आज आला. चष्मा पुसून, बोट ठेवून सगळे वाचले. तासभर लागला. मग म्हणाला, "अण्णा, यांत थट्टा कुठें कुठें आहे, तिथें खूण करा. मग सही करतों."

मी पेन्सिलीने खुणा केल्या: माझ्या धंद्यावर, विशालाक्षीच्या दडपणावर, साईरामच्या पाईपवर. कलम ३ वर एकही केली नाही. त्याने ते पान पुन्हा उलटून पाहिले.

स्थळ: कुंभकोणम्. दिनांक: १४ मार्च २०२५.

सही: गुरुमूर्ति राव

साक्षीदार:
राधाकृष्ण, शेजारी (मराठी येत नाही, म्हणून निःपक्षपाती)
नरसिंह राव, धाकटा भाऊ