सुगियाची अंघोळ

प्रिय फुलमती दिदिया,

तू मला ओळखत नाहीस. मी तुझी सवत. हे ऐकून चिठ्ठी वाचणाऱ्याला थांबवू नकोस. शिव्या द्यायच्या तर सगळं ऐकून मग दे. आपला माणूस गेला, दिदिया. भाताच्या खाचरात काम करतानाच हुडहुडी भरली, त्या तापातून ते उठलेच नाहीत. माझ्या बांगड्या मी फोडल्या, आता तूही फोडशील. चिठ्ठी लिहून देणारे मुन्शीजी त्यांचं नाव विचारत होते. मी घेतलं नाही, तूही घेत नसशील. मुन्शीजी वैतागले, म्हणाले, ‘अगं, काळं पाणी ओलांडून सगळं बेट बाटलं, आणि तुझं सोवळं अजून शिल्लक?’ ते गेल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा हसले.

त्यांनी मला कसं निवडलं ते ऐक. इथे बायकांच्या तुरुंगात ठरल्या दिवशी आम्हाला अंगणात रांगेनं उभं करतात. नीट वागून झोपडी आणि शेत मिळवलेले कैदी येतात, बघतात, पसंत पडली तर साहेब लग्नाची परवानगी देतो. माझ्या शेजारी उभी असलेली कजरी पुटपुटली, ‘मेले सोनपूरच्या जत्रेत म्हशी बघायला आलेत जणू. दात दाखव गं!’ कुणी स्वयंपाकाचं विचारत होतं, कुणी जात. आपल्या माणसानं माझ्या गळ्यातली लाकडी पट्टी उचलून पाहिली. तिच्यावर गुन्हा लिहिलेला असतो. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मलाच विचारलं, ‘काय केलंस?’ मी म्हटलं, ‘तान्ह्या मुलीला विहिरीत टाकलं.’ मी विधवा होते, दिदिया, आणि पोर दिराचं होतं. त्यानं हात झटकले. हे उत्तर ऐकलं की पुरुष पुढच्या बाईकडे सरकायचे. हे तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, ‘चल.’

का, ते लग्नानंतर कळलं. चुलतभावाच्या घरी बाळाची छठी होती, तुला वांझ म्हणून बाळाला हात लावू दिला नाही, तू रडत मागच्या दारानं घरी आलीस आणि यांनी लाठी उचलली. भाऊ जागीच गेला. ‘एक पोरासाठी झुरते, दुसरी पोर टाकून इथे येते. देवाला वाटण्या करता येत नाहीत,’ असं म्हणायचे. तुझ्याबद्दल फार बोलायचे. मला तुझा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू? माझ्या हातची लिट्टी त्यांना कधी तुझ्यासारखी लागलीच नाही.

मग आमची सुगिया झाली. ती आली, आणि तिच्यामागोमाग ती पहिली, विहिरीतलीही घरात आली. पाणी भरून ठेवलं की घागरीत तिचा श्वास ऐकू येतो. सुगिया हसली की पाठोपाठ अजून कुणीतरी हसतं. मी यांना सांगितलं. वेड्यात काढतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, ‘माझाही भाऊ येतो. बांधावर बसतो, बोलत नाही. बसू दे.’ तेव्हापासून सुगियाला अंघोळ तेच घालायचे आणि मी पाठ करून चुलीशी बसायची. वस्तीतले चिडवायचे, ‘काय दाईबाई, आमचीही पोरं न्हाऊ घालता का?’ ते नुसते हसायचे. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

ते गेल्यावर मी पहिल्यांदा तिला न्हाऊ घालायला बसवलं. ती हंड्यात वाकून म्हणाली, ‘अम्मा, आत कोण आहे?’ तिला तिचंच तोंड दिसलं असेल. पण माझे हात तिच्या मानेवर होते, दिदिया, आणि ते मला माझे वाटले नाहीत. मी ओरडले. कजरी शेजारच्याच झोपडीत राहते. ती धावत आली आणि पोर उचलून घेऊन गेली. अजून तिच्याकडेच आहे. मी दारातून बघते, आत जात नाही.

कजरीची आणि तिच्या नवऱ्याची शिक्षा संपली. ती दोघं येत्या बोटीनं मुलखात परततायत, माझी सुटका अजून लांब आहे. साहेबाची परवानगी घेऊन सुगियाला त्यांच्याबरोबर पाठवतेय. ही चिठ्ठी तुला वाचून दाखवतील तेव्हा ती तुझ्या दारात उभी असेल. तिला ठेवून घे. जातवाले विचारतील, तर आपल्या माणसाची मुलगी आहे एवढंच सांग. झोपताना ती जवळच्याचा कान धरते, धरू दे. माझी काळजी करू नकोस, पहिली आहे माझ्याजवळ. बोटीवरून पोर खारट अंगानं येईल, तिला आधी न्हाऊ घाल. ती रडेल, पाण्याची भीती वाटते म्हणेल. तू ऐकू नकोस. ती भीती तिची नाही गं, माझी आहे.

तुझीच, बेटावरची धाकटी,
रमदेई